डिसेंबरमध्ये पदवी संपवण्याची घाई करू नका
अमेरिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी अमेरिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे एमएस किंवा पीएचडी करायचं ठरलं आहे. अर्ज भरून झालेत किंवा भरणं चालू आहे. उत्तरं यायला अजून काही महिने आहेत. अशा वेळी फोनवर एक हिशोब हमखास निघतो. क्रेडिट्स डिसेंबरमध्येच पूर्ण होत असतील तर मेपर्यंत थांबायचं कशाला? एका सेमिस्टरची फी वाचेल, घरभाडं वाचेल, साडेतीन वर्षांत पदवी घेऊन पोरगं मोकळं होईल.

मी इथल्या एका विद्यापीठात शिकवते आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणूनही काम बघते. हा हिशोब घेऊन मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक ऑक्टोबरमध्ये, पुढच्या सत्राचे विषय निवडायच्या सुमारास. तोपर्यंत निर्णय घरी झालेला असतो आणि त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. म्हणून हे पत्र मुलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: पुढच्या प्रवेशाचं उत्तर हातात येईपर्यंत तुमच्या मुलाची विद्यार्थी म्हणून नोंदणी चालू राहू द्या. पदवीची तारीख फीकडे बघून ठरवू नका. ती प्रवेशाचं वेळापत्रक आणि व्हिसाचे नियम समोर ठेवून ठरवा. फीचा विचार करायचाच, पण त्यानंतर.

आधी वेळापत्रक बघू. इथे नवीन शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. पीएचडीच्या बहुतेक विभागांची अर्जाची शेवटची तारीख १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असते. एमएसच्या तारखा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्याही पुढे जातात. पीएचडीचे होकार-नकार साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत येत राहतात. त्यानंतरची महत्त्वाची तारीख म्हणजे १५ एप्रिल. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं, शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिपसह (म्हणजे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या अर्थसाहाय्यासह) दिलेल्या प्रवेशाचं उत्तर विद्यार्थ्याकडून १५ एप्रिलच्या आधी सक्तीनं मागत नाहीत. त्यामुळे ज्यांच्या हातात तीन-चार होकार असतात ती मुलं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत विचार करत बसतात, आणि त्यांनी सोडलेल्या जागा प्रतीक्षायादीतल्या मुलांकडे जातात त्याही त्याच सुमारास. एमएसची काही उत्तरं तर मे उजाडला तरी येत असतात.

म्हणजे डिसेंबरच्या मध्याला पदवी संपवणारं मूल पहिलं उत्तर येण्याच्या आधीच माजी विद्यार्थी झालेलं असतं, आणि शेवटचं उत्तर येईपर्यंत आणखी चार-पाच महिने जायचे असतात. भारतात घरी बसून वाट बघायची असती तर एवढा प्रश्न नव्हता. पण एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असलेल्या मुलाला या देशात नुसतं वाट बघत राहता येत नाही.

मुलाला त्याच्या आय-२० चा फोटो पाठवायला सांगा. विद्यापीठानं दिलेला हा कागद व्हिसाइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्याच पानावर 'प्रोग्रॅम एंड डेट' अशी तारीख असते. अभ्यासक्रम ठरल्यापेक्षा लवकर संपत असेल तर विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय ही तारीख अलीकडे आणतं. पुढचे सगळे दिवस तिथून मोजायचे, पदवीदान समारंभापासून नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण डिसेंबरमध्ये शिक्षण संपलेल्या मुलांना बरीच विद्यापीठं मेच्या समारंभात सहभागी होऊ देतात. तुम्ही मेची तिकिटं काढता, गाऊन घातलेल्या मुलासोबत फोटो काढता आणि पदवी मेचीच आहे असं समजता. सरकारी नोंदीत तो अभ्यासक्रम डिसेंबरमध्येच संपलेला असतो.

त्या तारखेनंतर ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात देश सोडायचा, किंवा दुसऱ्या विद्यापीठाकडे आपली विद्यार्थी म्हणून असलेली सरकारी नोंद वळवून घ्यायची, किंवा ओपीटीसाठी, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करायचा. १५ डिसेंबर ही शेवटची तारीख असेल तर हे ६० दिवस १३ फेब्रुवारीला संपतात. बऱ्याच विभागांची उत्तरं तोवर आलेलीसुद्धा नसतात, मग नोंद वळवायची कुणाकडे?

आणि समजा एखादा होकार जानेवारीतच आला, तरी सुटका नाही. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना नवीन अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. हे पाच महिने जुना अभ्यासक्रम संपल्यापासून किंवा नोंद वळवल्यापासून, यातलं जे आधी असेल तिथून धरतात. १५ डिसेंबरपासून पाच महिने म्हणजे १५ मे. नवीन अभ्यासक्रम ऑगस्टमध्ये सुरू होणार. गणित जुळतच नाही. याउलट मेच्या दुसऱ्या आठवड्यात पदवी संपली तर पाच महिने ऑक्टोबरपर्यंत पुरतात. मुलगा उन्हाळाभर इथेच राहू शकतो आणि ऑगस्टमध्ये नव्या विद्यापीठात रुजू होऊ शकतो. त्यासाठी नवा व्हिसा लागत नाही, मुलाखत लागत नाही. आय-२० नवीन विद्यापीठाचा येतो, पण सरकारी नोंद तीच चालू राहते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच विभागातल्या एका मुलीच्या बाबतीत हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. मुलगी हुशार होती, जीवशास्त्राची. शाळेत केलेल्या आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातल्या विषयांचे क्रेडिट्स मिळाले होते, त्यामुळे पदवी डिसेंबरमध्ये आटोपली. ओपीटीचा अर्ज केला नाही, कारण नोकरी करायची नव्हती, पीएचडी करायची होती. तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. फेब्रुवारीत मुदत संपायच्या आधी ती घरी परतली. मार्चमध्ये दोन चांगल्या ठिकाणांहून होकार आले, दोन्ही पूर्ण अर्थसाहाय्यासह. दोन्ही विभागांनी भेटीचं आमंत्रण दिलं, विमानाचा खर्च ते देणार होते, पण देशांतर्गत प्रवासाचा. त्यामुळे तिनं दोन्ही ठिकाणची माणसं फक्त स्क्रीनवर पाहिली. पाच वर्षं ज्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काढायची, त्याची निवड अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलवर झाली. मग नव्यानं आय-२०, नव्यानं ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क (विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं), व्हिसाची मुदत संपत आलेली म्हणून १८५ डॉलरचा नवीन अर्ज आणि मुलाखतीच्या तारखेसाठी रात्री-अपरात्री संगणकासमोर बसणं. ती पोहोचली, शिकते आहे, छान चाललं आहे. पण तो उन्हाळा त्या घरानं कसा काढला हे मला माहीत आहे. तिचे बाबा मला फोनवर म्हणाले, "मॅडम, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फी वाचवणं हा आईवडिलांचा विचार अगदी रास्त होता, त्याच्या पलीकडची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी होती.

देशाबाहेर पडून पुन्हा आत येणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही, हेही लक्षात घ्या. २०२५ च्या मेअखेरीस अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नवीन मुलाखती देणं जगभर थांबवलं, आणि १८ जूनला ते पुन्हा सुरू झालं ते समाजमाध्यमांच्या कडक तपासणीसह. ऐन प्रवेशाच्या मोसमातले तीन आठवडे गेले. त्या काळात जी मुलं इथे वैध नोंदणीवर होती आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणार होती, त्यांना या मुलाखतींची गरजच पडली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला ठरावीक मुदत घालण्याचा आणि ६० दिवसांची मुदत ३० वर आणण्याचा प्रस्ताव सरकारनं प्रसिद्ध केला. असे नियम बदलतात तेव्हा पहिला फटका ज्यांची नोंदणी चालू नाही त्यांना बसतो. म्हणून मी इथे दिलेला प्रत्येक दिवसांचा आकडा मुलानं आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन, त्याच आठवड्यात, पुन्हा तपासून घ्यावा.

होकार आला म्हणजे सगळं पक्कं, असंही आता धरून चालता येत नाही. २०२५ च्या वसंतात संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली तेव्हा अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलनं तर जीववैद्यक शाखेतले दिलेले प्रवेश मार्चमध्ये मागे घेतले. अशी वेळ आली तेव्हा मेपर्यंत नोंदणी असलेल्या मुलाला आपल्या प्राध्यापकांच्या दारावर जाता आलं, ओपीटीचा अर्ज करता आला, दुसरी सोय बघता आली. आधीच बाहेर पडलेल्या मुलाला ते जमलं नसतं.

आता ओपीटीबद्दल थोडं सविस्तर, कारण डिसेंबरचा आग्रह धरणारे बहुतेक जण इथेच म्हणतात, "मग मधल्या काळात ओपीटी घेऊ दे की." घेता येते. अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. ओपीटी सुरू होण्याची तारीख मुलानं स्वतः निवडायची असते, पण तीही त्या ६० दिवसांच्या आतलीच. पदवीच्या पातळीवर बारा महिने मिळतात. यातली अडचण अशी की या बारा महिन्यांत सगळे मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही, आणि हे दिवस ओपीटी सुरू झाल्यापासून मोजतात. १५ डिसेंबरला शिक्षण संपलं, सुरुवात शक्य तितकी पुढे ढकलून १३ फेब्रुवारीला धरली आणि काम मिळालंच नाही, तर मेच्या मध्यापर्यंतच गाडी चालते. ऑगस्ट दूरच राहतो. काम स्वतःच्या विषयाशी संबंधित हवं आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं. सहा-आठ महिन्यांनी पीएचडीला जाणार आहे हे माहीत असताना कोण नोकरीवर घेणार? ज्यांना स्वतःच्याच प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जागा मिळते त्यांचं निभावतं. बाकीच्यांचा तो हिवाळा एका डोळ्यानं प्रवेशाची उत्तरं आणि दुसऱ्या डोळ्यानं शिल्लक राहिलेले दिवस बघण्यात जातो.

मेमध्ये पदवी घेणाऱ्याला हीच ओपीटी फार वेगळ्या तऱ्हेनं उपयोगी पडते. त्याची अर्जाची मुदत जुलैपर्यंत असते. म्हणजे १५ एप्रिल उलटून जाऊ दे, सगळी उत्तरं येऊ देत, आणि कुठेच जमलं नाही असं दिसलं तर मग अर्ज कर, असं त्याला सांगता येतं. प्रक्रियेला काही आठवडे ते काही महिने लागतात म्हणून एप्रिलअखेर अर्ज गेलेला बरा, पण निर्णय उत्तर कळल्यावर घेता येतो. वाट बघणाऱ्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि पदवीच्या पातळीवरची ओपीटी वापरली म्हणून एमएसनंतरची कमी होत नाही. शिक्षणाच्या प्रत्येक वरच्या पातळीला ती नव्यानं मिळते. पालक याची उगीच धास्ती घेतात.

मग फीचं काय? तुमचा खरा प्रश्न हाच आहे आणि तो टाळायचा नाही. मेपर्यंत थांबणं म्हणजे पूर्ण सेमिस्टरची फी भरणंच असं नाही. एफ-१ च्या मुलांना दर सत्रात पूर्णवेळ विषय घ्यावे लागतात, पण शेवटच्या सत्रात पदवीला जेवढे विषय शिल्लक असतील तेवढेच घेतले तरी चालतात. एकच विषय उरला असेल तर एकच, फक्त तो पूर्णपणे ऑनलाइन नको, आणि कमी विषयांची परवानगी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी घेतलेली हवी. बऱ्याच विद्यापीठांत पूर्णवेळापेक्षा कमी विषय घेतले की फी क्रेडिटप्रमाणे आकारतात. त्यामुळे मुलाला आत्ताच सांगा, पदवीसाठी अनिवार्य असलेला एखादा विषय किंवा प्रबंधाचा दुसरा भाग वसंत सत्रासाठी, म्हणजे जानेवारी ते मेच्या सत्रासाठी, ठेव. बाकीचं सगळं डिसेंबरपर्यंत आटोपू दे. तुमचे बरेचसे पैसे वाचतील आणि नोंदणीही चालू राहील. एखादी शिष्यवृत्ती पूर्णवेळ असण्याच्या अटीवर मिळत असेल तर तेवढं आधी विचारून घ्या.

मात्र हे विषय निवडतानाच ठरवावं लागतं. पदवीच्या सगळ्या अटी डिसेंबरमध्ये पूर्ण झाल्या की मग "अजून एक आवडीचा विषय घेऊन थांबतो" म्हणून चालत नाही. आय-२० ची मुदत वाढवून मिळते ती सबळ शैक्षणिक कारणासाठी किंवा वैद्यकीय कारणासाठी. विषय बदलला, संशोधनात अनपेक्षित अडचण आली, डॉक्टरांच्या कागदपत्रांसह आजारपण आलं, अशी ती कारणं असतात. प्रवेशाचं उत्तर यायचंय हे त्यात बसत नाही. म्हणून मी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा एवढा आग्रह धरते. जानेवारीत माझ्याकडे आलेल्या मुलासाठी मला फार काही करता येत नाही.

ते शेवटचं सत्र रिकामं जाईल ही भीतीही काढून टाका. माझ्या मते पदवीच्या चार वर्षांतलं सगळ्यात मोलाचं सत्र तेच असतं. अर्ज गेलेले असतात, मार्कांची धावपळ संपलेली असते, हाताशी वेळ असतो. मुलं प्रबंध नीट लिहून काढतात. प्रयोगशाळेत अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण करतात. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करून थोडे पैसेही मिळवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीएचडीचे विभाग निवडलेल्या मुलांना दोन दिवस बोलावून घेतात. तिथे मार्गदर्शकांशी बोलणं होतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सध्या तिथे शिकणाऱ्या मुलांशी जेवताना गप्पा होतात. कोणाच्या प्रयोगशाळेत मुलं टिकतात, कोणाच्या टिकत नाहीत, हे तिथेच कळतं, कुठल्याही वेबसाइटवर ते लिहिलेलं नसतं. शिवाय होकारांची तुलना करताना शेजारच्याच इमारतीत बसलेल्या आपल्या प्राध्यापकाला विचारता येतं. माझ्या दारात मार्चमध्ये दोन पत्रं हातात धरून उभं राहिलेलं मूल मला नेहमी आवडतं. त्या अर्ध्या तासात जो सल्ला देता येतो तो ईमेलवर देता येत नाही.

साडेतीन वर्षांत पदवी घेतल्याचा प्रवेशासाठी फायदा होतो का? नाही. मी प्रवेश समितीत बसले आहे. मुलानं कोणते विषय घेतले, किती कठीण घेतले, संशोधन काय केलं, शिफारसपत्रं काय म्हणतात हे आम्ही बघतो. अर्धं वर्ष आधी संपवलं याला कुणी गुण देत नाही. नातेवाइकांत सांगायला ती गोष्ट छान वाटते आणि त्यातला अभिमान मी समजू शकते, पण त्यावर इतकं मोठं पणाला लावू नये.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही मुलं एप्रिलमध्ये सगळीकडून नकार आले की उलट टोकाला जातात. "मेमध्ये पदवी घेतच नाही, एक विषय सोडून देतो, आणखी वर्षभर पदवीचा विद्यार्थी राहून पुन्हा अर्ज करतो." हे मुळीच करू देऊ नका. व्हिसाच्या नियमांत ते बसवणं कठीण आहे हे वर आलंच. त्याशिवाय पदवी झालेल्या अर्जदाराला कमी लेखतात ही समजूतच खोटी आहे. विज्ञानाच्या शाखांत पदवीनंतर एक-दोन वर्षं प्रयोगशाळेत काम करून मग पीएचडीला येणारे कितीतरी असतात, आणि त्यांचे अर्ज बहुधा अधिक भक्कम असतात. अशा मुलानं मेमध्ये पदवी घ्यावी, ओपीटीवर संशोधन सहायकाचं काम बघावं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा अर्ज करावा. घरून त्याला एवढंच कळू द्या की हे वर्ष वाया जात नाहीये.

आणि एक बारीक, पण वरचेवर अडचणीत आणणारी गोष्ट. पुढचा प्रवेश मिळतो तो पदवी पूर्ण होण्याच्या अटीवर. नवीन विद्यापीठ पदवी बहाल झाल्याची तारीख असलेली अंतिम गुणपत्रिका मागतं. एखादा विषय उन्हाळी सत्रात ढकलला, तर जुन्या विद्यापीठात पदवीची नोंद ऑगस्टच्या शेवटी होते आणि नव्या विद्यापीठाचा पहिला आठवडा त्याच्या आधीच सुरू झालेला असतो. अशा वेळी जुन्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून 'सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत' असं पत्र घेऊन काम भागतं, पण ते चालेल का हे नव्या विद्यापीठाला जूनमध्येच विचारलेलं बरं. ग्रंथालयाचा दंड किंवा फीची बाकी राहिली असेल तर काही ठिकाणी गुणपत्रिका अडकते, तेही बघून घ्या. पदवीसाठीचा अर्जही मुलानं स्वतः भरायचा असतो आणि त्याची शेवटची तारीख बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच असते. आपोआप पदवी मिळत नाही, हे चौथ्या वर्षापर्यंत कित्येकांना माहीत नसतं.

ज्यांची मुलं अमेरिकी नागरिक आहेत किंवा ग्रीन कार्डावर आहेत त्यांना व्हिसाचा प्रश्न नाही, पण तारखांचा आहे. शिक्षणासाठी घेतलेल्या सरकारी कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतात. डिसेंबरमध्ये संपवलं तर ते जूनच्या सुमारास सुरू होतील, म्हणजे पुढचं शिक्षण सुरू होण्याच्या आधी. पुन्हा किमान अर्धवेळ प्रवेश घेतला की हप्ते थांबतात, पण ती सहा महिन्यांची सवलत त्या कर्जांसाठी एकदा पूर्ण वापरली की परत मिळत नाही. भारतातून शैक्षणिक कर्ज काढलेल्यांनीही आपल्या बँकेचा कागद काढून बघावा. हप्ते सुरू होण्याआधीची सवलत अभ्यासक्रम संपल्यापासून मोजतात, आणि तो डिसेंबरमध्ये संपला तर मोजणीही डिसेंबरपासूनच सुरू होते.

डिसेंबर कधीच नको, असं मी म्हणत नाही. काही एमएस अभ्यासक्रम जानेवारीत सुरू होतात. तिथे प्रवेश पक्का असेल तर डिसेंबरमध्ये पदवी संपवणंच योग्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच एखाद्या प्रयोगशाळेनं किंवा कंपनीनं काम देऊ केलं असेल आणि ओपीटीचा अर्ज वेळेत गेला असेल, तरी हरकत नाही. आणि घरची परिस्थिती खरोखर ओढाताणीची असेल, एका विषयाची फीसुद्धा जड जात असेल, तर मुलाला तसं स्पष्ट सांगा. मग डिसेंबरच बरोबर आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या आधीच जाऊ द्या, 'नोकरी करायचीच नाही' म्हणून तो सोडून देऊ नका. अशा मुलांनी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन परिस्थिती सांगावी. काही विद्यापीठांत शेवटच्या सत्रासाठी आपत्कालीन मदतनिधी असतो, आणि मागितल्याशिवाय तो कुणी घरी आणून देत नाही.

हे पत्र तुम्हाला ऑक्टोबरच्या आसपास मिळालं असेल तर अजून वेळ हातात आहे. या रविवारी मुलाशी बोलाल तेव्हा त्याला आय-२० वरची तारीख विचारा, पदवीसाठी नेमके कोणते विषय शिल्लक आहेत ते विचारा, आणि त्यातला एक वसंत सत्रात घेता येईल का, त्याची फी किती होईल, हे आठवड्याभरात कार्यालयातून लेखी आणायला सांगा. तुम्ही होकार दिलात तर मुलं थांबतात. ती बहुतेक तुमच्या खर्चाच्या काळजीनंच डिसेंबर म्हणत असतात.

आपली,
अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवणारी एक मराठी प्राध्यापिका